शेवटची बांधी

“बाबूजी, विळा ठेवा खाली. आता जाळं घ्या.”

दीपमालेचा आवाज जराही हलला नाही. पण तलावाच्या पाळीवर बसलेली सगळी माणसे तिच्या बापाकडे, श्यामरावकडे पाहू लागली. धान निसवण्यावर, लोंब्या बाहेर पडण्यावर आले होते आणि परतीचा पाऊस फिरकलाच नव्हता. शेतकऱ्यांना आपल्या बांध्यांना, धानाच्या खाचरांना, तलावाचे पाणी आजच हवे होते. पाणी उतरले तर मासेमारांनी सोडलेली बोटुकली, माशांची बोटभर पिल्ले, तापून मरणार होती. सकाळी पाणी सोडायच्या दारापाशी काठ्या निघाल्या, म्हणून गावांतले तंटे चर्चेने सोडवणाऱ्या मोहाडीच्या संस्थेत काम करणाऱ्या दीपमालेला बोलावणे गेले.

ती आली तशी मासेमारांच्या भागीरथाने टोमणा मारला होता, “तुया बापाच्या बांधीले किती पानी लागते, थे आधी सांग, बाई.” दीपमालेने शेतकऱ्यांपुढे विळा आणि मासेमारांपुढे जाळे ठेवले. चर्चा चालवणाऱ्याने आपली बाजू मांडायची नाही, हा तिच्या कामाचा नियम होता. पहिल्या फेरीत तिने डोळ्यांना दिसते तेवढेच सांगायला लावले, दुसरीत नुसती भीती. आता अदलाबदल. जाळे हाती येईल त्या शेतकऱ्याने मासेमार म्हणून बोलायचे, विळा हाती येईल त्या मासेमाराने शेतकरी म्हणून.

विळा मुरारीकडे गेला. आयुष्यभर मासे धरलेल्या त्या माणसाने धानाचे गाऱ्हाणे असे मांडले की शेतकरीच चपापले.

श्यामरावने जाळे खांद्यावर घेतले. पाण्यातून डोकावणाऱ्या काळ्या दगडाकडे त्याने बोट केले.

“पानी त्या काळ्या गोट्याच्या खाली गेलं, का माया मासोया गेल्या,” तो म्हणाला. “गोट्यावरचं पानी वरच्या बांध्यायले पुरते. शेवटच्या बांधीपावतर न्यायचं म्हनलं, त तलाव आटते. शेवटच्याले नोका देऊ.”

शेवटची बांधी त्याची स्वतःची होती. घरात वर्षभर शिजणारा भात तिथूनच येई.

पुढचा प्रश्न दीपमालेलाच विचारायचा होता.

“यात नुकसान कोनाचं होऊन राह्यलं?”

सगळ्यांवरून फिरून तिची नजर बापावर थांबली.

“माया हाती जाळं हाय. मले काहून इचारतेस?” श्यामराव म्हणाला.

सगळे मुरारीकडे वळले. त्याने हातातला विळा उगाच उलटासुलटा केला.

“मायं,” तो हळूच म्हणाला. “शेवटची बांधी मायी हाय.”

गोट्यापर्यंतच पाणी सोडायचे ठरले. माणसे दाराकडे निघाली. श्यामराव उठला, तर जाळे त्याच्या सदऱ्याच्या गुंडीत अडकलेले. मुरारीने विळा बाजूला ठेवला आणि धागा न तुटू देता ते सोडवू लागला. खाली पाणी वरच्या बांध्यांकडे वळल्याचा आवाज आला, तरी दोघे तसेच उभे होते.