बोटभर उतार

मित्रांनो, मी तापीकाठच्या मातीची, भट्टीत नीट भाजलेली एक जुनी वीट आहे. वाजवून पाहाल तर अजून खणखणते. वरणगावात जीवरामभाऊंच्या घरामागे न्हाणीकडे जाणारी विटांची वाट आणि कडुनिंबाखाली बसायचा चौक आहे. १९८६ पासून मी तिथेच आहे.

त्याआधीच्या पावसाळ्यात भाऊंच्या पत्नी, वच्छलाबाई, चिखलात घसरल्या. मांडीचं हाड जुळलं, पण धीर खचला. न्हाणीपर्यंत जायलाही कुणाचा तरी हात लागे, आणि ते त्यांना सहन होत नसे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगी माहेरी येईल, तोवर बायको एकटी चालली पाहिजे, असं भाऊंनी ठरवलं.

भाऊ दारूगोळ्याच्या कारखान्यात मापं तपासत. केसाएवढा फरक त्यांना खपत नसे. जमीन ठोकून, वाळू अंथरून, दोरी लावून त्यांनी आम्हांला बसवलं. लेव्हलच्या नळीतला बुडबुडा प्रत्येक विटेवर अगदी मध्ये. गल्ली पाहायला आली. आम्हीही ऐटीत होतो. मग भाऊंनी धुवायला चार बादल्या ओतल्या. पाणी जागीच थबकलं आणि हळूहळू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात शिरलं.

वच्छलाबाई मूळच्या धुळ्याकडच्या सोनगीरच्या, बोलणं अहिराणी. दारातूनच म्हणाल्या, “तुमनी लेव्हल बराबर शे. आते पानीले सांगा, कथा जावानं ते.”

पाण्याला कुठे जायचं ते सांगायला भाऊंनी दुसऱ्या दिवशी सगळ्या विटा उपटल्या आणि दर पाच फुटांना बोटभर उतार देत पुन्हा बसवल्या. कारखान्यात असा तिरपा माल चालतो का, असं शेजारी विचारत. भाऊ पुढच्या विटेखालची वाळू सारखी करत. आखाजीला वच्छलाबाई एकट्या न्हाणीपर्यंत गेल्या आणि परतताना चौकात बसून सांजोरी खाल्ली.

बऱ्याच वर्षांनी भाऊ वारले, त्यानंतर दोन वर्षं आमच्याकडे कुणी पाहिलं नाही. निंबाच्या मुळांनी मला उचललं, जोडीदारणींवर शेवाळ चढलं. वच्छलाबाई पुन्हा भिंत धरू लागल्या. मुलगी आली. वरून सिमेंट ओतून टाकू, असं गवंडी म्हणाला. तिने आधी मला उचलून पाहिलं. खाली मूळ घुसलं होतं, पण बाजूच्या वाळूत वडिलांनी दिलेला उतार तसाच होता. तिने गवंड्याला परत पाठवलं आणि स्वतः कामाला बसली.

मित्रांनो, वीट हलली म्हणून ती निकामी होत नाही. उचला, खरवडा, खाली वाळू भरा, पुन्हा बसवा. आमच्यात अजून पुष्कळ दम आहे.

काम संपल्यावर मुलीने हात पुढे केला.

“ऱ्हाऊ दे माय, मी जास,” वच्छलाबाई म्हणाल्या, आणि माझ्यावर पाऊल टाकून पुढे गेल्या.