धानाच्या पोत्यातला शिंगाडा

मित्रांनो, शिंगाडा म्हटलं की तुमच्या तोंडाला पाणी सुटेल, पण मला उकडायला घेऊ नका. मी कागदावरचा शिंगाड्याचा वेल आहे, काळ्या शाईत काढलेला. वय फारसं नाही, पण भोगलं पुष्कळ, म्हणून मी स्वतःला जुना म्हणवून घेतो.

अड्याळजवळच्या एका गावात सुखराम आणि जमुनाबाई तलावात मासे धरतात, शिंगाडे लावतात. त्यांची मुलगी खुशबू तलावातल्या वनस्पतींची चित्रं काढते. माझ्या वेळी तिने खरा वेल आणून पाणी भरलेल्या परातीत सोडला, कारण पाण्याबाहेर त्याची केसासारखी मुळं एकमेकांना चिकटून बसतात. मग टाक शाईत बुडवून, श्वास रोखून, एकेक मूळ काढलं. सावलीसाठी नुसते ठिपके. परात अडकून पडली म्हणून जमुनाबाईंना कणीक पातेल्यात मळावी लागली, त्यावरून त्या कुरकुरल्याही. पण मी पूर्ण झालो तेव्हा सुखराम म्हणाला, "अवो, हा तं आपल्याच तलावातला होय!" त्या दिवशी मी कागदात मावत नव्हतो.

पुढे भंडाऱ्याच्या एका बाईंनी तलावातल्या वनस्पतींचं पुस्तक काढायचं ठरवलं आणि आम्हा सगळ्या चित्रांना बोलावणं आलं. खुशबूचं हे पहिलंच पुस्तक. मोबाइलमध्ये आमचे फोटो होते, पण त्यांत माझी मुळं म्हणजे नुसता धूर. मूळ कागदच हवे होते. त्यात पावसाळा! शेजारच्या कमळाच्या चित्रावर बुरशीचे ठिपके दिसू लागले आणि जमुनाबाईंचा जीव खालीवर झाला. खुशबू कामावर गेली असताना त्यांनी आम्हाला गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि थेट धान साठवायच्या ढोलीत खुपसलं. सुक्या धानात ओल शिरत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. फक्त घरात कुणाला सांगायचं राहिलं.

नंतर एका दुपारी सुखरामने बांबूची ती ढोली कलती करून उरलंसुरलं धान पोत्यात ओतलं. धानाबरोबर आम्हीही घरंगळलो, पण धुरळ्यात त्याला दिसलो नाही. पोत्याचं तोंड बांधलं गेलं आणि आमची वरात निघाली अड्याळच्या राइस मिलकडे, भरडायला. मित्रांनो, तांदूळ व्हायची माझी मुळीच इच्छा नव्हती. मी फार घाबरलो.

इकडे घरी काय झालं ते मला मागाहून कळलं. बाई दुसऱ्या दिवशी चित्रं न्यायला येणार होत्या. खुशबूने विचारलं, "माय, माये चित्रं कोठी हायेत वं?" जमुनाबाईंनी ढोलीत हात घातला. ढोली रिकामी. सुखरामला फोन लावला, पण मिलच्या घरघरीत फोन कुणाला ऐकू येतो? दोघी तशाच स्कूटीवर निघाल्या.

मिलमध्ये आमच्या पोत्याचं तोंड सोडून झालं होतं. मिलवाला टिकाराम ते उचलणार, तोच जमुनाबाई धावत आल्या आणि सरळ पोत्यावर बसल्या.

"मले उचला, पन पोतं उचलू नोका!"

"काहून वो, येड लागलं का?" सुखराम ओरडला.

आईला बाजूला सारून खुशबूने खांद्यापर्यंत हात धानात घातला. चाचपडता चाचपडता तिची बोटं पिशवीला लागली. तिने तिथेच आम्हाला उलगडलं. एकही रेघ फिसकटली नव्हती. ती मटकन खाली बसली आणि रडता रडता हसू लागली. माझ्याही जिवात जीव आला.

"मायंच चुकलं पोरी," जमुनाबाई म्हणाल्या.

"सांगाचं होतं ना माय. पन पाह्य, ओल नाही लागली."

परतताना जमुनाबाईंनी आम्हाला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. "माय, स्कूटीले धर, पडशील," खुशबू म्हणाली. "मी ह्यायले धरून हावो. तू मले पाडू नोको," जमुनाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, जिव्हाळ्याची वस्तू जरूर जपा. पण कुठे जपून ठेवली, तेही घरात सांगा. माझ्यावर माया करणारी माणसंच मला भरडायला निघाली होती हो!