विहिरीतलं लाल औषध

पंचावन्न सालच्या मे महिन्यात मी चांदा जिल्ह्यात आरोग्य खात्याचा माणूस म्हणून गावोगाव सायकल रेटत होतो. मूळचा नागभीडचा, डोकं तापट, आणि आपल्याला सगळं कळतं असा पक्का समज. सावली गावाजवळच्या खेड्यांत हैजा, म्हणजे कॉलरा, सुरू झाला होता. एका गावात मी चावडीवर माणसं जमवली आणि विहिरीत लाल औषध का टाकायचं ते तासभर सांगितलं. पाटील गुणवंतरावांपासून सगळ्यांनी माना डोलावल्या. मी औषध ओतलं, पाणी लाल झालं आणि मी खुशीत पुढच्या गावाला निघालो.

चौथ्या दिवशी परतलो, तर गुणाबाईची सात वर्षांची सुकरी हगवण-ओकाऱ्यांनी निपचित पडलेली. गुणाबाईला नवरा नव्हता, ही एकच लेक. पाणी कुठलं प्यायली विचारलं, तर गुणाबाई म्हणाली, बोडीचं. बोडी म्हणजे धानाला पाणी पुरवणारं तळं. तिथंच गुरं डुंबायची आणि तिच्याच बांधाआड सगळं गाव सकाळी लोटा घेऊन बसायचं. माझं डोकं सणकलं. औषध टाकलेली विहीर सोडून बोडीवर कशाला मरायला गेलात, असं मी त्या माउलीवर ओरडलो.

ती मान खाली घालून म्हणाली, "विहिरीत रगत दिसलं, भाऊ. कोनी कोंबडं कापून टाकलं, विहीर बाटली, असं समजलो आमी."

"सभेत सांगितलं होतं ना मी?"

"सभेत बायायले कोनी बलावलं होतं?"

ज्यांच्यापुढे तासभर घसा फोडला, त्यांच्यातला एकही कधी विहिरीवर जात नव्हता. बायका आणतील ते पाणी ते पीत, आणि घरी जाऊन सांगायचं कुणाला सुचलंच नव्हतं. चूक माझी होती.

गुणवंतरावांनी छकडा जुंपून दिला, आम्ही सुकरीला सावलीच्या दवाखान्यात नेलं. वाटभर गुणाबाई तिला मिठाची पेज थोडी थोडी पाजत राहिली, माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दोन दिवस पोरगी जाते का राहते कळेना. तिसऱ्या दिवशी तिनं भात मागितला, आणि मी दवाखान्यामागं जाऊन रडून घेतलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा औषध टाकायचं होतं. या वेळी चावडीवर गेलोच नाही. सांजेला बायका पाणी भरायला येतात तेव्हा विहिरीवर गेलो. गुणाबाईनं आधी मला विहिरीला हळदकुंकू वाहायला लावलं. विहिरीला न सांगता तिच्यात काही टाकायचं नाही म्हणाली. मी मुकाट्यानं ऐकलं, मग सगळ्यांसमोर औषध टाकलं.

सकाळी पाणी फिक्कट लाल होतं. तरी बायका रिकाम्या गुंड्या-घागरी घेऊन लांबच उभ्या. गुणाबाईनं बादली ओढली, लोटा भरला आणि सुकरीला जवळ घेतलं.

"मी हिले पाजलं त बाया बी पितील," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "पाजू का, भाऊ?"

सात वर्षांच्या नोकरीत मी शंभरेक विहिरींत ते औषध टाकलं होतं, पण ते पाणी स्वतः कधी प्यायलो नव्हतो. पाजा म्हणायला माझं तोंड उघडेना. मी उकिडवा बसलो आणि ओंजळ पुढे केली.

"आधी मले द्या, बाई."

तिनं ओंजळीत धार धरली. माझं पिऊन होईपर्यंत दुसऱ्या हातातला सुकरीचा हात तिनं सोडला नाही.