गलबताचा पूर्वपक्ष

त्या संध्याकाळी हरण्यात अनिमेषचा फायदाच फायदा होता. हरला तर वेणीमाधवशास्त्र्यांची ऋता त्याची होणार, मेसमधली पिवळी पातळ डाळ सुटणार, आणि दापोलीहून आईचा रोजचा "काही जमलं का रे?" हा फोन बंद होणार. जिंकला तर पाचपन्नास टाळ्या. एवढा सोपा हिशेब, आणि माणूस बँकेतला!

शास्त्रीबुवा काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्याचे. संस्कृत शिकवण्यातून निवृत्त झालेले, वाद घालण्यातून नाही. मराठी भाषा दिनाला तिथल्या मराठी मंडळात त्यांचं व्याख्यान ठरलं होतं. विषय: इंग्रजी कोशातला 'गॅलिव्हॅट' हा शब्द. अर्थ, वल्ह्याशिडाचं छोटं लढाऊ जहाज. बुवांचं म्हणणं, हा शब्द सरळसरळ आपल्या गलबतावरून उचललेला. "इंग्रजांनी समुद्रात आपला मार खाल्ला आणि जाताना शब्द घेऊन गेले," हे वाक्य ते आठवडाभर घरात घोळवत होते.

पण काशीच्या शास्त्र्याचं नुसतं बोलून भागत नाही. आधी समोरच्याची बाजू, म्हणजे पूर्वपक्ष, कुणीतरी दणक्यात मांडायचा. मग आपण तो मोडायचा. मोडून घ्यायला त्यांनी अनिमेषची निवड केली.

"जावई म्हणून कसा आहे, तेही कळेल," बायकोला म्हणाले.

अनिमेष तयारीला बसला आणि तिथंच फसला. जाडजूड इंग्रजी कोशात त्याला दिसलं की गॅलिव्हॅटचा माग बहुधा पोर्तुगीज 'गालेओता'पर्यंत जातो. म्हणजे आपलं गलबतही तिकडूनच आलेलं असणार.

शिंदे घाटावर त्यानं हे ऋताच्या कानावर घातलं.

"दबा दो," ती म्हणाली. "बाबांना जिंकू दे. सच काय, शादीनंतर पण बोलता येतं."

मंगला गौरीच्या देवळाजवळ एका दिवाणखान्यात मंडळ जमलं. अनिमेषनं उभं राहून काहीतरी मिळमिळीत मांडलं: इंग्रजांकडेही जहाजं होती, त्यांचेही शब्द असतील, वगैरे. शास्त्रीबुवांचा चेहरा पडला. पैलवानापुढे लिंबूटिंबू उभा केल्यासारखा.

"हा पूर्वपक्ष? याला हरवून मी घरी तोंड कसं दाखवू? तुम्ही काहीतरी राखून ठेवलंय. बोला! इथं लपवणारा उद्या माझ्या मुलीपासूनही लपवेल."

आता गप्प बसलं तरी मुलगी जाते आणि बोललं तरी जाते. ऋता मागून नको नको म्हणून मान हलवत होती. अनिमेषनं सांगून टाकलं. कोश, पोर्तुगीज, गालेओता, सगळं.

मंडळातल्या सुमंतकाकांना राहवलं नाही. "शास्त्रीजी, मग मार खाल्ला कुणी आणि शब्द उचलला कुणी?"

शास्त्रीबुवांनी छताकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा छताकडे पाहिलं. "उत्तर नाही," म्हणाले. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मंडळानं पहिल्यांदाच ऐकले. टाळ्या वाजल्याच नाहीत.

घरी आल्यावर मात्र त्यांना वाचा फुटली. "चारचौघांत मला पाडलं त्यानं. त्याला जावई करून समोर जेवायला बसवू?"

"नका बसवू," ऋता म्हणाली. "बाहेर राहिला तर गल्लीगल्लीत सांगत फिरेल. घरात घेतला तर हार घरातच राहील. और सोचिए बाबा, सगळ्या मोहल्ल्यात तुमच्याशी भांडायच्या लायकीचा दुसरा कोण आहे?"

बुवांनी मोहल्ला मनात फिरून पाहिला. बराच वेळ फिरले.

"दर रविवारी यायचं म्हणावं," शेवटी म्हणाले. "नवा पूर्वपक्ष घेऊन. तयारीनिशी."

लग्न वैशाखात झालं. आता जमाखर्च मांडू. शास्त्रीबुवांचं एक आवडतं वाक्य गेलं, भांडायला हक्काचा माणूस आला. ऋताच्या खात्यात सगळी जमाच. मंडळाला वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला, तोही फुकट. पोर्तुगीजांना कुणी विचारलंच नाही. भुर्दंड काय तो एकट्या अनिमेषला, सगळे रविवार. अजून भरतोय.