यॉर्कचं घर विकायला काढलं तेव्हा

इंग्लंडात यॉर्क शहराच्या जुन्या तटबंदीला लागूनच सुचित्राबाईंचं घर होतं. त्यांचे यजमान, डॉक्टर उल्हास, तिथल्या हॉस्पिटलात नोकरीला लागले तेव्हा घेतलेलं. डॉक्टर गेले आणि बाई मुलाकडे, राघवकडे, सिडनीत टूनगॅबीला राहायला आल्या. घरात भाडेकरू आले, गेले. आता राघवने ते विकायला काढलं होतं. घर बाईंच्या एकटीच्या नावावर, म्हणून सही त्यांची लागणार होती. गिऱ्हाईक ठरलं होतं, गुरुवारी वकिलाकडे जायचं होतं, आणि बाईंनी हो म्हटलं होतं. राघवला नाही म्हणण्याची टूनगॅबीच्या घरात कुणाची टाप नव्हती.

शनिवारी संध्याकाळी यॉर्कच्या एजंटने व्हिडिओ कॉल लावला. उन्हाळा होता, ऊन कुंपणावरून अजून हललं नव्हतं आणि किचनची फरशी तापली होती. तिकडे तेव्हा सकाळ. एजंट रिकाम्या खोल्यांमधून फोन फिरवत चालला होता. राघव लॅपटॉपसमोर, शेजारी बाई, आणि ओट्यापाशी कांदा चिरत राघवची बायको ऋतिका. कोठीच्या खोलीशी आल्यावर एजंट थांबला. दाराची चौकट कडीपाशी फुटलेली होती, वर नुसताच रंग मारलेला. घेणारे विचारत होते, हे कशाने झालं?

राघव हसला. लहानपणी मीच काहीतरी दांडगाई केली असेन, म्हणाला.

"बाबांनी मोडली," बाई म्हणाल्या. "लाथ घालून. तू आत होतास, माझ्या मांडीवर."

हे त्या आजवर कुणापाशी बोलल्या नव्हत्या. बोलायचं ठरवलंही नव्हतं. चौकट दिसली आणि शब्द तोंडातून निघून गेले. मराठीत बोलल्या, त्यामुळे एजंटला काही कळलं नाही. ऋतिकाचा हात मात्र थांबला. राघवने एजंटला थँक्यू म्हणून लॅपटॉप मिटला, अगदी हळू. त्याचं असं हळू वागणं दोघींनाही ठाऊक होतं.

तो उठला आणि ऋतिकाकडे गेला.

"हे तू शिकवलंस तिला. यू पुट दॅट इन हर हेड."

ऋतिका नाही म्हणायच्या आत त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड ओट्याच्या दगडावर आपटलं. पहिल्यांदा नुसता धप्प आवाज आला. दुसऱ्यांदा काहीतरी कडकन मोडलं. कांद्यावर रक्त सांडलं. तिने हातातली सुरी आपणहून लांब फेकून दिली. सुरी असूनही फेकली, हे बाईंना पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं.

अशा वेळी बाई आपल्या खोलीत जात आणि टीव्हीचा आवाज वाढवत. तीन वर्षं हेच चाललं होतं. आजही त्या उठल्या ते त्याच सवयीने. पण तेवढ्यात ऋतिका त्याच्या हातून निसटली, कपडे धुवायच्या खोलीत शिरली आणि तिने आतून कडी लावली. राघव मागोमाग गेला आणि त्याने दाराला लाथ घातली. पाय मागे घेऊन, खांदा किंचित वाकवून, थेट कडीवर. त्याचा बाप अशीच घालायचा.

बाईंनी शेगडीवरचा बिडाचा तवा उचलला. दोन्ही हातांनी उचलावा लागला. त्यांनी तो मुलाच्या पाठीत घातला, मग खांद्यावर. तो कळवळला, वळला, आणि त्याने आईला असं ढकललं की त्या फ्रिजवर आदळून खाली आल्या. डावं मनगट अंगाखाली सापडलं. हाड मोडल्याचं त्यांना लगेच समजलं. राघव क्षणभर त्यांच्याकडे बघत उभा राहिला. बाईंना वाटलं, आता थांबेल. तो पुन्हा दाराकडे वळला.

बाथरूममध्ये एकदा घसरल्यापासून बाईंच्या गळ्यात मदतीचं बटण असायचं. ऋतिकानेच आणून दिलेलं. त्यांनी ते दाबलं. त्या बटणाला जोडलेल्या, कपाटावरच्या स्पीकरच्या डबीतून मदतकेंद्रातल्या एका बाईचा मोकळा आवाज आला. सुचित्रा, तुम्ही ठीक आहात ना?

"माय सन इज किलिंग हिज वाइफ," बाई ओरडल्या. "सेंड पोलीस."

राघवने धावत येऊन डबीची वायर भिंतीतून उपटली आणि डबी जमिनीवर आपटली. पण आवाज पलीकडे पोचला होता. ते त्यालाही कळलं असावं, कारण त्यानंतर तो जास्तच चवताळला. दाराला भोक पडलं, त्याने हात घालून कडी काढली. पुढचं बाईंना दिसलं नाही, ऐकू आलं. आधी ऋतिकाचा आवाज येत होता. मग नुसत्या लाथांचा.

पोलीस आले तेव्हा राघवने तोंड धुतलं होतं. दार त्यानेच उघडलं. आई पडली, म्हणाला, नो वरीज, मेट, अँब्युलन्स पुरे आहे. तरुण पोलीसबाई त्याच्या खांद्यावरून ओट्याकडे बघत होती.

सुचित्राबाई जमिनीवरूनच बोलल्या. "मी पडले नाही. ह्याने पाडलं. ती आत आहे, आधी तिला बघा." मग भानावर येऊन तेच त्यांनी इंग्रजीत सांगितलं.

बेड्या घालताना राघवने आईकडे पाहिलं नाही.

ऋतिका जगली. गालाचं हाड आणि तीन बरगड्या मोडल्या होत्या. डाव्या डोळ्याला अजून नीट दिसत नाही. मनगट प्लास्टरमध्ये असताना बाईंनी पोलिसांना सगळं सांगितलं आणि पुढे कोर्टात, मुलासमोर, पुन्हा सांगितलं. टूनगॅबीतल्या ओळखीच्या बायका भेटल्या की मान वळवू लागल्या. पोटच्या पोराला तुरुंगात घातलं, असं एकीने फोन करून सुनावलं. बाईंनी ऐकून घेतलं. खोटं नव्हतंच ते.

यॉर्कचं घर त्यांनी विकलं. ऋतिका म्हणाली होती की आई, माझ्यासाठी विकू नका, हवं तर आपण दोघी तिकडे जाऊन राहू.

"त्या घरात मी तुला पाऊल टाकू देणार नाही," बाई म्हणाल्या.

दोघींनी ब्लॅकटाउनला स्टेशनजवळ दोन खोल्यांचं युनिट घेतलं. थोडं स्थिरस्थावर झाल्यावर एका सकाळी बाईंनी चहा पिताना विचारलं, "राघवला भेटायला जायचंय मला. तुला चालेल?"

ऋतिकाने कप खाली ठेवला. "मला विचारू नका, आई," ती म्हणाली. "जा. आल्यावर मला काही सांगू मात्र नका."

पहिल्या खेपेला राघव तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत आलाच नाही. भेटीची वेळ संपेपर्यंत बाई खुर्चीत बसून राहिल्या आणि ट्रेनने परत आल्या. ऋतिकाने त्यांचं ताट वाढून ठेवलं होतं. तिने काही विचारलं नाही, बाईंनी काही सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात त्या पुन्हा निघाल्या.