शेंदराखालचे नाव

रविवारी सकाळी आठच्या सुमारास कामशेतहून बेडशाकडे जाणाऱ्या वाटेवरील एका दगडाला शेंदूर लागला. साल १९३८, महिना डिसेंबर.

त्याआधीच्या आठवड्यापर्यंत हा दगड कोणाच्या खिजगणतीत नव्हता. बेडशाची लेणी पाहायला येणारी मंडळी कामशेतला गाडीतून उतरत, टांगा करत आणि सारा वेळ डोंगराकडे बघत जात. दगड वाटेला लागून, एका जुन्या पाण्याच्या टाक्याच्या काठावर अर्धा मातीत रुतलेला होता. त्यावर अक्षरे होती. बायका त्यावर धुणे ठेवत आणि शेजारच्या शेतातला गेणू त्यावर बसून तंबाखू मळत असे.

टांगेवाला इनायत घोड्याला पाणी पाजायला रोज तेथे थांबे. त्याच्या घरात पिढ्यानपिढ्या एकच गोष्ट सांगितली जाई, की हे टाके आपल्या पूर्वजाने वाटसरूंसाठी खोदवले आणि त्याचे नाव त्या दगडावर आहे. ही गोष्ट इनायतने स्टँडवर सांगितली की हशा पिकत असे.

"तुज्या आज्यानं टाकं खांदलं, मग आमच्या आज्यानं काय डोंगर रचला?" असे गेणू एकदा सर्वांसमोर म्हणाला होता. इनायत ते विसरला नव्हता.

गुरुवारी रस्ता रुंद करणाऱ्या ठेकेदाराच्या मुकादमाने दगडावर चुन्याची फुली मारली. दगड फोडून त्याची खडी होणार होती. शुक्रवारी योगायोगाने पुण्याचे आगटे लेणी पाहायला आले. ते निवृत्त शिक्षक होते आणि जुन्या शिलालेखांचे कागदावर ठसे घेत हिंडत. इनायतने न विचारताच टांगा थांबवला.

आगट्यांनी रुमालाने धूळ झटकली. वर फारसी होती, खाली मोडी. मधल्या ओळी त्यांनी मोठ्याने वाचल्या. टाके वाटसरूंसाठी बांधले, एवढा मजकूर लागला. बांधणाऱ्याचे नाव मातीखालच्या ओळीत होते.

"उकरू का साहेब, आत्ताच?" इनायतने विचारले.

"पहारीने उकराल तर अक्षरं उडतील. मला गाडी गाठायची आहे. सोमवारी कागद, ब्रश घेऊन येतो. ठसा मिळाला तर दगड हलवू नये म्हणून सरकारात अर्ज करता येईल. ठशावाचून माझं कोण ऐकणार?"

त्यांच्या सांगण्यावरून मुकादमाने सोमवारपर्यंत थांबायचे कबूल केले. पण रविवारी सकाळी इनायत स्टेशनकडे निघाला तेव्हा मुकादम घण आणि दोन गडी घेऊन समोरून येताना दिसला. पुण्याच्या गाडीचे उतारू इनायतने आदल्या दिवशीच ठरवलेले होते, त्यामुळे त्याला थांबता येईना. त्याने शेतात काम करणाऱ्या बयाबाईला, म्हणजे गेणूच्या आईला, हाक मारली.

"मावशी, काय वाट्टेल ते कर, पर उद्यापतुर दगडाला घण लागू देऊ नगंस."

"जा तू. बगते मी," बयाबाई म्हणाली.

तो परत आला तेव्हा मुकादमाचे गडी पायताणे काढून, हात जोडून उभे होते. दगड तळापर्यंत मोकळा केलेला, पाण्याने स्वच्छ धुतलेला आणि वरपासून खालपर्यंत तेलात कालवलेल्या शेंदराने माखलेला होता. पुढे फुटलेला नारळ होता. मुकादम शिव्या पुटपुटत रस्त्याच्या आखणीची दोरी चार हात पलीकडे सरकवत होता.

"बग, कुनाची छाती हाय का आता!" बयाबाई म्हणाली.

इनायत टांग्यातून उतरला नाही. "मावशी, खालची वळ तू बगितलीस?"

"बगितली की. हातानं धुतली."

"कशी व्हती?"

"मुंग्या चालल्यावानी. मला काय वाचता येतंय व्हय?"

सोमवारी आगटे कागदाची गुंडाळी घेऊन आले. शेंदूर अक्षरांच्या खाचांत भरून बसला होता. बोटाला रंग लागला, पण ओळ लागेना. रॉकेल लावून पुसले तर निघेल, असे ते म्हणताच गेणू आडवा आला.

"देवाला रॉकेल? साहेब, तुमी शिकल्याली मान्सं."

"अरे, परवापतुर तू त्याच्यावर बसत हुतास!" इनायत म्हणाला.

"तवा त्यो दगड व्हता."

"मग मी पुसतो."

"पूस की." गेणूने तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "मग उद्यापासनं टांगा कंच्या गावात जोडतोस ते बी सांगून ठेव."

आसपासचे लोक हसले. इनायत हसला नाही, आणि पुढेही झाला नाही.

"शेंदूर कधी निघतो?" आगट्यांनी बयाबाईला विचारले.

"काडायचा नसतोय तो. थरावर थर चढला की देव आपनच कवच टाकतो. आमच्या म्हायेरच्या म्हसोबानं टाकलं हुतं, मी ल्हान व्हते तवा."

"म्हणजे किती वर्षांनी?"

"त्येच्या मनावर."

आगट्यांनी कोरी गुंडाळी पुन्हा बांधली. लाल दगड पाहिला, एवढ्यावर अर्ज होत नाही, असे ते परतीच्या वाटेवर म्हणाले. त्या फेरीचे भाडे इनायतने घेतले नाही.

रस्ता दगडाला वळसा घालून गेला. टाक्याचा निम्मा भाग भरावात गेला. दगड मारुतीचा की म्हसोबाचा, याबद्दल गावात दोन मते आहेत. शेंदूर दोघांचेही भक्त लावतात.

इनायत त्यानंतरही रोज तेथे टांगा थांबवी, घोड्याला पाणी पाजी आणि दगडाभोवती एक फेरी मारी. लोकांना वाटे, त्याचीही श्रद्धा बसली. १९४३च्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी त्याला तळाशी शेंदराचा टवका उडालेला दिसला. आत काळा दगड होता आणि त्यावर एका अक्षराचा अर्धा फराटा. कोणते अक्षर, ते त्याला कळणे शक्य नव्हते. त्याने कामशेतहून आगट्यांना तार केली.

आगटे रविवारी दुपारच्या गाडीने आले. मधल्या शनिवारी बयाबाईने नेमाप्रमाणे शेंदूर लावला होता.