चंद्रीची वेळ सहाची

मुलांनो, जरा माझ्याबरोबर पेठ वडगावातल्या एका गोठ्यात या. सकाळचे सहा वाजलेत असं समजा. समोर चंद्री नावाची म्हैस उभी आहे आणि तुमच्या हातात बादली आहे. बसा तिच्याजवळ आणि काढा धार. काय म्हणता, लाथ मारते? वाईट वाटून घेऊ नका, ती सगळ्यांनाच मारते. फक्त संयोगिताला मारत नाही.

संयोगिता ही क्रांतीची आक्का, म्हणजे थोरली बहीण. क्रांती सहावीत. मागच्या वर्षी त्यांच्या आईचा, अंबूबाईंचा, हात मोडला आणि धारेचं काम आक्काकडं आलं. हाड जुळलं, पण मुठीत पहिला जोर राहिला नाही. वडील कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात पहिल्या पाळीला, ते पहाटेच घर सोडत. चंद्रीला आक्काच्या हाताची सवय लागली आणि वेळेचीही. सहाच्या आधी कितीही चुचकारा, ती पान्हा सोडायची नाही.

आक्का आयटीआय झालेली. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ती मशीनवर शिकाऊ म्हणून नुकतीच लागली होती. पाळी सातची. सव्वासहाची एसटी धरली तर वेळेत पोचता येई, पण तोवर बादली निम्मीही भरत नसे. पहिले दोन दिवस तिला उशीर झाला. मग ती अर्धी धार टाकून पळू लागली, तर चंद्रीचे सड सुजायला लागले. आणखी एकदा उशीर झाला की नाव कमी, असा नियम होता. नाव कमी झालं की वर्षाचं प्रशिक्षण गेलं आणि पुढची नोकरीही.

हा नियम केला कुणी, तेही ऐका. वसाहतीतल्या दहाबारा कारखानदारांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. त्याचा पगार कुणालाच नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आपापलं काम सोडून ते आयटीआयमध्ये येत आणि सरकारी अधिकाऱ्यांबरोबर बसत. मुलांना काय शिकवावं, शिकलेली मुलं कामावर टिकत का नाहीत, यावर बोलत. सरकारला कारखाना आतून दिसत नाही आणि कारखानदाराला वर्ग दिसत नाही, म्हणून ही एकत्र बैठक.

त्या शनिवारी पालकांनाही बोलावलं होतं. अंबूबाई निघाल्या, तर क्रांतीही मागं लागली.

कौशल्य विकास कार्यालयाच्या मीनाक्षी मॅडमनी यादी वाचली. वर्षात तीस मुली लागल्या, एकोणीस सोडून गेल्या. मंडळाच्या छापील फॉर्मवर कारणांचे तीनच रकाने होते. लग्न दोन, आजारपण एक, कामाची आवड नाही सोळा.

"आमच्या आक्काला आवड हाय की!" क्रांती एकदम उठून म्हणाली. "ती घरात भाकरीचीबी जाडी मोजून बघती."

सगळे हसले. मंडळाचे अध्यक्ष बाळासो वडगावचेच, आणि त्यांच्याच कारखान्यात आक्का होती. ते म्हणाले, "मग वेळंत का येत न्हाय तुमची आक्का, पावणं?"

"चंद्री सहाच्या आधी दूध देत न्हाय म्हणून."

"आता ही चंद्री कोण?"

"म्हस."

पुन्हा हशा. क्रांतीचे कान लाल झाले. तेव्हा अंबूबाई उभ्या राहिल्या.

"हसू नका, बाळासो. तुमच्या गोठ्यात चार म्हसरं हाईत. धार कोण काढतंय?"

"आमची मंडळी काढत्यात की."

"म्हणून तुम्ही सातला कारखान्यात असतायसा. एक दिवस त्यास्नी सातला बोलवून बघा, आन् बादली तुम्ही धरा!"

आता कुणी हसलं नाही. मीनाक्षी मॅडमनी यादी समोर ओढली आणि तिथंच त्या सोळा घरी फोन लावायला सुरुवात केली. चहा आला, गार झाला. तेरा घरांतून एकच उत्तर आलं : सकाळची धार तीच काढते. त्या खोलीतले बहुतेक कारखानदार शेतकऱ्यांच्या घरातले. म्हशी सगळ्यांच्या दारात होत्या. पण बादली कधी त्यांच्या हातात आली नव्हती, म्हणून फॉर्म छापताना धारेचा रकाना कुणाला सुचलाच नाही.

बाळासोंनी डोकं खाजवलं. लोखंड वितळवायच्या भट्टीची वेळ हलवता येत नव्हती, मशीन विभागाची येत होती. पुढच्या महिन्यापासून तो विभाग साडेआठला सुरू करून बघायचं ठरलं. त्या वेळेला धरून एसटी मिळावी म्हणून आगारात जायचं मॅडमनी कबूल केलं.

"पण पुढच्या महिन्यापासनं हं, वयनी," बाळासो निघताना अंबूबाईंना म्हणाले. "तवर सातच. नियम मंडळात मीच मांडलाय. माझ्याच कारखान्यात मोडला, तर बाकीचे मालक उद्यापासनं बैठकीला यायचे न्हाईत."

म्हणजे अजून तीन आठवडे होते, आणि आक्काला उशिराचा एकही दिवस शिल्लक नव्हता.

रविवारी सकाळी क्रांतीनं धार काढून बघितली. चंद्रीनं बादली कोपऱ्यात उडवली आणि मान वळवून दारात उभ्या असलेल्या आक्काकडं बघत राहिली.

"तुझ्यानं व्हायचं न्हाय, क्रांते," आक्का म्हणाली. "सरक, मी बसते."

क्रांतीनं कोपऱ्यातली बादली उचलून तिच्या हातात दिली.

सोमवारी सहाला पाच मिनिटं असताना तिनं आक्काची धार काढायच्या वेळची ओढणी दोरीवरून काढली आणि चंद्रीला आक्काचाच वास यावा म्हणून डोक्यावरून घट्ट गुंडाळली. आक्कासारखीच चंद्रीची पाठ थोपटली, कास कोमट पाण्यानं धुतली. मग मागं वळून ती म्हणाली, "आक्का, तू जा. तू दिसलीस की ती माझ्याकडं बघतच न्हाय."

आक्काचा पाय निघेना.

"अगं जा की! एसटी चुकंल."

आक्का गेली. तिच्या चपलांचा आवाज गल्लीच्या टोकाला विरेपर्यंत क्रांती थांबली. मग बादली गुडघ्यांत धरून ती चंद्रीजवळ बसली आणि तिनं पहिला सड मुठीत घेतला.